व्यासपीठ आणि सतरंजी

मराठवाड्यातील साहित्य संमेलनांचा इतिहास चाळताना एक योगायोग आमच्या ध्यानी आला. अंबाजोगाईला १९८३ साली सत्तावन्नावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर होते. दोनच वर्षांनी, १९८५ साली, एकोणसाठावे संमेलन नांदेडला भरले आणि अध्यक्षपदी शंकर पाटील आले. पुढे १९९८ साली परळी वैजनाथला द. मा. मिरासदार अध्यक्ष झाले. ज्या त्रिकुटाने महाराष्ट्रभर हिंडून कथाकथनाचा फड गाजविला, त्या तिघांच्याही डोक्यावर अध्यक्षपदाची पगडी चढली ती मराठवाड्याच्या भूमीत. तिघांपैकी एकही मराठवाड्याचा नव्हे. माडगूळकर माणदेशचे, पाटील कोल्हापूरकडचे, मिरासदार अकलूज-पंढरपूरच्या बाजूचे. संमेलनस्थळ आणि अध्यक्ष यांची निवड वेगवेगळ्या वाटांनी होते, म्हणून यामागे कोणाची योजना होती असे म्हणता येणार नाही. पण काही योगायोग खऱ्या नात्यावर बोट ठेवतात, त्यांतला हा एक होय, असे आम्हांस वाटते.

ते नाते बोलत्या शब्दाचे आहे. हल्ली शहरोशहरी साहित्य महोत्सव भरतात. 'लेखक तुमच्या भेटीला', 'प्रकट मुलाखत', 'लेखन कार्यशाळा' अशी त्यांची कार्यक्रमपत्रिका असते, आणि हे सर्व काही नवे, परदेशातून आलेले आहे अशी अनेकांची समजूत दिसते. वस्तुतः लेखकाने आपल्या वाचकांसमोर उभे राहावे आणि हातात कागद न घेता आपलीच गोष्ट आपल्या तोंडाने सांगावी, ही रीत शंकर पाटलांच्या पिढीने खेडोपाडी रूढ केली होती. 'धिंड'सारखी कथा वाचणे निराळे आणि ती पाटलांच्या तोंडून ऐकणे निराळे. कथेतला माणूस कोठे अडखळतो, कोठे खोटे बोलतो, कोठे गप्प बसतो, हे छापील ओळीत जेवढे उतरते त्याच्या कितीतरी पट आवाजात उतरते. ऐकणारा निरक्षर असला तरी त्याचे काही अडत नसे. मराठवाड्यात तर हे ऐकणारे कान शतकानुशतके तयार झालेले होते. पैठणच्या एकनाथांची भारुडे, गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग, तेरच्या गोरोबाकाकांची कथा, हे सारे येथील माणसाने प्रथम ऐकले आणि मग, जमल्यास, वाचले.

'जमल्यास' हा शब्द आम्ही सहज लिहिलेला नाही. नांदेड, लातूर, बीड, परभणी हा सारा मुलूख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. ज्या मुलाच्या घरात मराठी बोलली जाई, त्याला कचेरीत, न्यायालयात आणि महाविद्यालयात ती बाहेर ठेवून जावे लागे. शिवाय 'गश्ती निशाण ५३' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फर्मानामुळे सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. अशा काळात वाचनालय काढणे, गणेशोत्सवात व्याख्यान ठेवणे, चार कवी एकत्र बसविणे, ही साधी वाटणारी कृत्ये साधी नव्हती. पुण्या-मुंबईच्या साहित्यरसिकाला संमेलन ही हौस वाटली असेल. मराठवाड्यातल्या माणसाला मराठीत चार वाक्ये जाहीरपणे बोलता येणे हेच एक मोठे प्रकरण होते.

अखिल भारतीय संमेलन या संस्थानात आले ते प्रथम राजधानीत. १९३१ साली हैदराबादला ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अध्यक्ष होते, आणि १९४७ साली पुन्हा हैदराबादलाच न. र. फाटक. प्रत्यक्ष मराठवाड्यात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, ते १९५७ साली भरले. तेव्हा अनंत काणेकर अध्यक्ष होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. राजकीय सीमारेषा हलली आणि लागलीच साहित्याचा मांडव पडला, हा क्रम विसरता येणार नाही.

नांदेडचे नाव या संदर्भात घेतले की मनात येतात ते नरहर कुरुंदकर. वा. रा. कान्त हे कवीही नांदेडचेच, पण त्यांचे बरेचसे आयुष्य आकाशवाणीच्या नोकरीत बाहेरगावी गेले. कुरुंदकर मात्र नांदेडला राहिले. कुरुंदा या खेड्यात १९३२ साली जन्मलेला हा माणूस हैदराबादला आपले मामा, उस्मानिया विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक नांदापूरकर यांच्या घरी राहून वाढला, नांदेडला शाळामास्तर झाला आणि पुढे पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. हे महाविद्यालय स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९५० साली निघालेले. कुरुंदकरांची 'रूपवेध', 'मागोवा', 'जागर', 'शिवरात्र' ही पुस्तके आज उपलब्ध आहेत, परंतु त्यांना ओळखणारे लोक प्रथम सांगतात ते त्यांच्या बोलण्याविषयी. व्याख्यान हा त्यांचा खरा ग्रंथ होता. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांना मृत्यू आला तो औरंगाबादला, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावर. तेव्हा त्यांचे वय पन्नासही नव्हते. अखिल भारतीय संमेलन नांदेडच्या दारात आले ते त्यानंतर तीन वर्षांनी. ज्या गावाने मराठवाड्याला वाद घालायला शिकविले, त्या गावचा मोठा मांडव भरला तेव्हा तो वाद घालणारा नव्हता.

त्यांची आणखी एक गोष्ट येथे नोंदविण्याजोगी आहे. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला कुरुंदकरांची प्रस्तावना आहे, आणि ती प्रस्तावना म्हणजे मुळात देसाईंना लिहिलेले एक दीर्घ पत्र आहे. कादंबरीकार शिवचरित्राशी झुंजत आहे, आणि नांदेडचा हा प्राध्यापक त्याला साधने कशी वाचावीत, दंतकथा कोठे थांबते आणि माणूस कोठे सुरू होतो, हे पानेच्या पाने लिहून कळवितो. त्यात खोटी स्तुती नाही आणि दुसऱ्याचा उत्साह मोडणारी अढीही नाही. लेखन कार्यशाळा म्हणजे काय, असे आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही हे पत्र दाखवू. एका जाणत्या माणसाने दुसऱ्याच्या अपुऱ्या कामावर आपला वेळ मनापासून खर्च करणे, एवढेच तिचे सार आहे. बाकी फलक, हार, स्मृतिचिन्ह हा मांडवाचा खर्च होय.

मात्र व्यासपीठ कोणाचे, हा प्रश्न संमेलनाच्या जन्माइतकाच जुना आहे. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरली. दुसरी १८८५ साली, तीही पुण्यातच. या दुसऱ्या सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुल्यांना गेले होते. ते गेले नाहीत. न जाण्याची कारणे त्यांनी पत्राने कळविली, आणि त्या पत्राचा रोख असा की, ज्यांना सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसावयाचा नाही. साहित्याच्या इतिहासात आलेल्या लोकांची यादी असते. न आलेल्या माणसाचे पत्र इतके दिवस जिवंत राहावे, हे विरळाच. आमच्या ख्रिस्ती वाचकांनी या पत्राकडे विशेष लक्ष द्यावे. कारण त्या काळी मराठीत लिहिणारे ख्रिस्ती लेखक कमी नव्हते. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आलेली होती. अहमदनगरचे 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघत होते. फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' तर १६१६ सालचे. आणि तरीही मराठी साहित्याच्या ओसरीवर ख्रिस्ती लेखकाला पाहुण्यासारखे बसावे लागे, ही भावना आमच्या वाडवडिलांच्या लिखाणात वारंवार भेटते.

याला एक लखलखीत अपवाद आहे, आणि तो जळगावचा. १९०७ साली तेथे कविसंमेलन भरले. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तेथे आपली कविता म्हटली, आणि अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ही हकीकत ठाऊक आहे. परंतु तिचा उत्तरार्ध बहुधा सांगितला जात नाही. त्या संमेलनात रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. त्यांनी या मुलाला जवळ केले, आणि पुढे तो अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये हा ठोमरे भेटतो तो कवी म्हणून कमी आणि घरातला एक हट्टी, हळवा पोर म्हणून अधिक. व्यासपीठाने त्याला नाव दिले ते एका दिवसात. घराने त्याला सांभाळले, खाऊ घातले, त्याच्या रुसव्यांची मर्जी राखली, आणि हे काम एका दिवसाचे नव्हते. ज्या घराने हे केले ते बाटलेल्या ब्राह्मणाचे ख्रिस्ती घर होते, आणि मुलगा हिंदू होता. १९०७ च्या सुमारास याचा अर्थ काय होत असेल, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

त्याच घरात आणखी एक कार्यशाळा चालू होती, तीही नकळत. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख लग्नानंतर झाली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिलेले नव्हते. पण त्यांची ऐकण्याची आणि सांगण्याची ताकद अशी की, १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांना बसविण्यात आले आणि 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने १९३४ पासून येऊ लागले. मराठी गद्याचे हे लेणे म्हणजे मूलतः बोलणेच आहे. स्वयंपाकघरात बसून एखाद्या बाईने चार जणींना हसत हसत सांगावे, तसे ते कागदावर उतरले आहे. शंकर पाटलांच्या कथाकथनाची आणि लक्ष्मीबाईंच्या लेखनाची जात एकच, असे आम्ही म्हटले तर पंडितांनी रागावू नये.

मराठवाड्यातच पुढे एक वेगळी वाट निघाली. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात अध्यापन करणारे प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालविले आणि त्याच्या जोडीने लेखक-वाचक मेळावे भरविले. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांच्या घरात लिहिणारी ही पहिलीच पिढी होती, त्यांचे लेखन तेथे वाचले गेले, छापले गेले, त्यावर भांडणे झाली. हे मेळावे गावोगाव फिरत असत. कोणी लेखक म्हणून आधी मान्यता मिळवावी आणि मग व्यासपीठावर यावे, ही अट तेथे नव्हती. लिहिणारा आणि ऐकणारा एकाच सतरंजीवर बसत. फुल्यांनी पत्राने जे नाकारले होते त्याच्या जागी काय उभे करावयाचे, याचे हे एक उत्तर होते. मुंबईत १९५८ साली दलित साहित्य संमेलन भरले होते आणि अण्णाभाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले होते. १९९९ साली धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले, तेव्हा बाबुराव बागूल अध्यक्ष होते. पण या दोन टोकांमध्ये जी माणसे घडली त्यांतली पुष्कळशी औरंगाबादच्या त्या सतरंजीवरून उठलेली होती.

१९९५ साली परभणीला अडुसष्टावे संमेलन भरले. अध्यक्ष नारायण सुर्वे. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले, गिरणी कामगाराने वाढविलेले मूल परभणीच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून उभे राहिले. ती परभणी बी. रघुनाथांची. 'जगाला कळले पाहिजे' या नावाची कादंबरी लिहिणारे बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करीत लिहीत राहिले आणि १९५३ साली वयाच्या अवघ्या चाळिशीत गेले. जगाला ते फारसे कळलेच नाहीत. त्यांच्या वाट्याला ना मोठा मांडव आला, ना कोणाची दीर्घ प्रस्तावना.

आता आजच्या कार्यशाळांविषयी थोडे. नवलेखकांची शिबिरे होतात, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते, संमेलनांत 'कविकट्टा' असतो, तेथे कोणीही नाव नोंदवून आपली कविता म्हणू शकतो. हे सर्व चांगलेच आहे. पण आम्ही एका शहरातील महोत्सवात एक कार्यशाळा पाहिली. तीन तासांची होती. त्यांपैकी सत्काराला पाऊण तास गेला, प्रास्ताविकाला वीस मिनिटे, पाहुण्यांनी आपल्या पुस्तकांच्या जन्मकथा सांगितल्या, आणि चहा झाला. मागच्या रांगेत एक मुलगी वहीत लिहिलेली गोष्ट घेऊन बसली होती. वही उघडण्याची वेळ आली नाही. शेवटी प्रमाणपत्र मात्र तिला मिळाले. कविकट्ट्यावरही ऐकणारे बहुधा आपली पाळी येण्याची वाट पाहणारे कवीच असतात. पाळी झाली की खुर्ची रिकामी. बोलण्याची सोय करून दिली म्हणजे ऐकण्याची झाली असे नव्हे. कथाकथनाच्या जुन्या फडात हजार कान एका तोंडाकडे लागलेले असत. येथे शंभर तोंडे आहेत आणि कान उधार आणावयाचे आहेत.

आणि तरीही मांडवाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. ते का, हे सांगण्यासाठी धाराशिवचे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचे, उदाहरण पुरे. लातूर हे १९८२ सालापर्यंत याच जिल्ह्याचा भाग होते, तेव्हा लातूरकरांनी हे आपल्याच घरचे कार्य मानावयास हरकत नाही. १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत तेथे त्र्याण्णवावे संमेलन भरले. संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचे नाव होते, आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या पदावर बसलेले ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांचे नाव जाहीर झाल्यावर विरोध झाला, धमक्यांचे फोन गेले. धर्मगुरू हा साहित्यिक कसा, असा प्रश्न विचारला गेला. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेत हा प्रश्न विचारला जावा याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. उद्घाटन ना. धों. महानोरांच्या हस्ते व्हावयाचे होते. त्यांनीही येऊ नये असे त्यांना कळविण्यात आले. ते आले. आणि फादर दिब्रिटो पाठीच्या असह्य दुखण्यामुळे चाकांच्या खुर्चीवरून आले. त्यांनी भाषण केले, असहिष्णुतेविषयी बोलावयाचे ते आडपडदा न ठेवता बोलले, आणि उपचारांसाठी त्यांना संमेलन संपण्यापूर्वीच परतावे लागले.

एक वर्ष आधी यवतमाळच्या संमेलनात उद्घाटक म्हणून बोलाविलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले होते. त्या पार्श्वभूमीवर उस्मानाबादच्या आयोजकांनी आणि महानोरांनी कणा ताठ ठेवला, याची नोंद इतिहासात राहिली पाहिजे. लेखकाला बोलू द्यावयाचे की नाही, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नव्हता. 'गश्ती निशाण ५३' अनुभवलेल्या आजोबांची नातवंडे त्या मांडवात बसली होती.

फादर दिब्रिटोंची ओळख 'सुबोध बायबल'चे लेखक म्हणून करून दिली जाते, आणि वसईची हिरवाई वाचविणारे म्हणून. दोन्ही रास्त. परंतु १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे. मासिकाच्या संपादकाचे टेबल हीसुद्धा कार्यशाळाच असते. वसईच्या वाड्यांतून, चर्चच्या आवारांतून आलेली अडखळती हस्तलिखिते तेथे वाचली जातात, काही परत जातात, काही दुरुस्त होऊन छापली जातात. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी नगर जिल्ह्यातील केंदळ गावी 'निरोप्या' सुरू केला तेव्हापासून कॅथॉलिक मराठी लेखक घडला तो याच वाटेने. त्याच्यासाठी मांडव नव्हता, मानधन नव्हते, अंक होता. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले.

दोन वर्षांनी, २२ ते २४ एप्रिल २०२२ रोजी, पंचाण्णवावे संमेलन लातूर जिल्ह्यातील उदगीरला भरले. महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या परिसरात, भर उन्हाळ्यात. भारत सासणे अध्यक्ष होते. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरविले ते हेच उदगीर. कर्नाटक आणि तेलंगणाच्या उंबऱ्यावरचे, जेथे बाजारात कन्नड, उर्दू आणि मराठी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालतात. त्याच दिवसांत त्याच गावी विद्रोही साहित्य संमेलनही भरले. एका तालुक्याच्या गावाने साहित्याचे दोन मांडव एकाच वेळी घातले, आणि दोन्हीकडे जागा भरली पाहिजे म्हणून राबले. काहींना हे दुहीचे लक्षण वाटले. आम्हांला वाटले नाही. १८८५ साली फुल्यांचे पत्र सभेत पोचले आणि ते स्वतः आले नाहीत. उदगीरला पत्र लिहिणाराही गावातच होता, आणि एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जाणे पायी शक्य होते.

या यजमानांच्या पोटी अध्यक्षही निपजले, हे सांगावयाचे राहिले. चिपळूणला २०१३ साली अध्यक्ष झालेले नागनाथ कोत्तापल्ले नांदेड जिल्ह्यातील मुखेडचे. त्याच्या पुढच्या वर्षी सासवडला फ. मुं. शिंदे, तेही मराठवाड्याचेच. वर्ध्याला २०२३ साली नरेंद्र चपळगावकर, बीडचे. यांपैकी कोणी कोठल्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र मिळविले होते, याची चौकशी आम्ही केलेली नाही. नांदेडच्या मांडवात १९८५ साली शंकर पाटलांचे ऐकत सतरंजीवर बसलेली शाळकरी मुले आज पन्नाशीत आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या ट्रंकेत एखादी वही असेल, तर ती 'निरोप्या'कडे, 'सुवार्ते'कडे किंवा या त्रैमासिकाकडे पाठवावी. वाचली जाईल.